मुलगी एकटीच त्याच्या बाजूने उभी राहतेय. थांबवू का?

फोडणीची_पोळी लिहिते:

नमस्कार. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

माझी लेक सातवीत आहे, धायरीजवळच्या एका सेमी-इंग्रजी शाळेत. जूनमध्ये त्यांच्या वर्गात एक नवीन मुलगा आला, बीड जिल्ह्यातला. आईवडील आधी ऊसतोडीला जायचे. आता वडील इथे एका बांधकामावर वॉचमन आहेत आणि सगळे तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतात. हे सगळं मला लेकीकडून हप्त्याहप्त्याने कळलं, संध्याकाळी तिचा डबा घासताना.

मुलगा 'ण'ला 'न' म्हणतो. पानी, लोनी, आनि. त्याचा गुन्हा एवढाच. मराठीच्या तासाला बाईंनी धडा वाचायला उभं केलं, पहिल्याच ओळीत 'आनि' आलं आणि मागच्या बेंचवरून कुणीतरी 'आनिऽऽ' असा सूर लावला. बाईंनी पट्टी आपटली, वर्ग गप्प झाला. पण त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं 'पानी'. तो नळाकडे निघाला की 'पानी आलं, पानी आलं, भांडी लावा'. (माझे आजोबा सांगलीकडचे, शेवटपर्यंत 'पानी'च म्हणायचे. आमच्या घराने दोन पिढ्यांत 'ण' कमावला आणि आता आमचीच मुलं नाक्यावर उभी राहून त्याचा टोल वसूल करतायत.)

मग डबा. बाजरीची भाकरी आणि ठेचा, कधी नुसतं तेल-तिखट. त्याने डबा उघडला की आजूबाजूची पोरं नाक धरायची. ऑगस्टमध्ये कुणीतरी तो डबा वर्गातल्या कपाटामागे टाकला. चार दिवसांनी वास सुटला तेव्हा सापडला, आणि वर्गात घाण केली म्हणून बोलणी बसली ती त्यालाच. त्या चार दिवसांत तो मधल्या सुट्टीत ग्राउंडवर नुसता फिरत असायचा, कारण घरात दुसरा डबा नव्हता. हे ऐकलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

माझी लेक शूर वगैरे अजिबात नाही. पालीला घाबरते. रात्री बाथरूमला जायचं तर मला उठवते. पण डबा सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत त्याच्या बेंचवर जाऊन बसली आणि म्हणाली, "ठेचा दे ना थोडा." खाल्ला, डोळ्यांतून पाणी, नळाकडे धूम. अख्खा वर्ग तिला हसला. तोही हसला. ती सांगते, तेव्हा त्याचे दात पहिल्यांदा दिसले.

तेव्हापासून ती रोज तिथेच बसते. तो वाचायला उभा राहिला आणि मागून 'आनिऽ' आलं की वळून त्या पोरांकडे बघते. बोलत काही नाही, नुसती बघते. ते बघणं माझ्याकडून उचललंय असं नवऱ्याचं मत आहे.

आता खरा प्रश्न. दोन महिन्यांत तिचंही नाव पडलंय, 'पानीवाली'. फळ्यावर तिच्या नावाचं आद्याक्षर, पुढे 'पानी' आणि मध्ये बदाम काढून झालाय. तो तिने स्वतःच पुसला. नवरात्रात सोसायटीतल्या भोंडल्याला तिला बोलावलं नाही. बोलावणाऱ्या दोघी तिच्या बालवाडीपासूनच्या मैत्रिणी आहेत. खिरापत ओळखायचा आवाज आमच्या गॅलरीपर्यंत येत होता. आणि गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस सकाळी तिच्या पोटात दुखत होतं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

नवरा म्हणतो, बेंच बदलून घे. सासूबाई म्हणतात, आपल्याला काय करायचंय, सहामाही तोंडावर आलीय. मी आधी तिला 'शाब्बास' म्हटलं होतं. मी एका पतसंस्थेत कामाला आहे, तिथेही सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. आता वाटतंय की ती थांबत नाहीये ती माझ्या त्या शाब्बासकीपायीच. थांबली तर आई काय म्हणेल, असं तर नसेल ना?

थांबवू का तिला?

---

तिरकस_उत्तर:

बारा वर्षांच्या मुलीने जे काम करायचं नाही ते ती करतेय, कारण ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो ते करत नाहीयेत. डबा लपवून चार दिवस उपाशी ठेवणं ही 'मस्ती' नव्हे. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोचपावती घ्या. शाळेत तक्रारपेटी बंधनकारक आहे. बदलापूरच्या प्रकारानंतर २०२४ मध्ये सरकारने त्याबद्दल पुन्हा आदेश काढला होता. तुमच्या शाळेत पेटी कुठे आहे, तिला कुलूप आहे का, ते कोण उघडतं, हे आधी बघून या. आणि अगदीच पाणी गळ्याशी आलं (सॉरी) तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

---

फोडणीची_पोळी:

पेटी आहे. ऑफिसच्या दाराशीच, शिपाईकाकांच्या खुर्चीच्या वर. तिथे चिठ्ठी टाकायची म्हणजे दवंडीच. वर्गशिक्षिकेला तोंडी भेटले. "मुलं आहेत हो, चार दिवसांत विसरतील." लेखी दिलं तर तक्रार केली कुणी हे पोरांना लगेच कळणार आणि 'पानीवाली'च्या जोडीला 'चुगलीवाली'. म्हणून हात थरथरतोय.

---

निवृत्त_बाई:

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवलं, सगळी सोलापूर जिल्ह्यात. तुमच्या वर्गशिक्षिकेची बाजू घेत नाही, पण माझी एक चूक सांगते.

१९९४ साल असेल, माढा तालुक्यातलं गाव, पाचवीचा वर्ग. एका मुलीच्या दोन्ही हातांवर कोड होतं. तिच्या हाताला कुणी हात लावायचं नाही. खडू तिच्याकडून घ्यायचा नाही, लंगडीत तिने बाद केलं तर 'शिवलीच नाही' म्हणायचं. मी तरुण होते, डी.एड.चं वारं डोक्यात होतं. एक अख्खा तास घेतला: कोड हा संसर्गजन्य रोग नाही, ते शिवल्याने पसरत नाही, सगळे समान. फार छान बोलले असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी काय झालं? तोवर ज्यांचं लक्ष नव्हतं तीही पोरं तिच्या हातांकडे बघायला लागली. आणि ती पोर भर उकाड्यात मोठ्या बहिणीचा लांब बाह्यांचा झंपर घालून आली. माझ्या भाषणाचा तो निकाल.

पुढे नागपंचमी आली. मुली मैदानावर फेर, फुगड्या खेळायला लागल्या. ही कडेला उभी. आमच्या वर्गात एक दांडगट पोर होती. पाढे येत नव्हते, पण चार पोरांना लोळवायची, सुट्टीत शेरडं राखायची. तिने सरळ जाऊन हिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "धर नीट. सोडलंस तर दोघी बी पडू." फुगडी तुम्हाला माहीत आहेच, हातांना अढी घालून मागे रेलायचं असतं. एकीने हात सोडला की दुसरी भुईवर. दोघी अशा गरगरल्या की मला धडकी भरली.

पुढचं आणखी मजेशीर. त्या दांडगट पोरीशी फुगडी खेळायला बाकीच्या पोरींची नेहमी रांग असायची. तिने नियमच करून टाकला, आधी तिच्याशी खेळायचं, मग माझ्याशी. आता ही चांगुलपणाची दादागिरीच झाली म्हणा. पण आठवड्याभरात झंपर गेला आणि फ्रॉक परत आला.

मी तिला एकदा विचारलं, तुला का गं वाटलं तिच्याशी खेळावंसं? मला वाटलं माझ्या भाषणाचं नाव घेईल. म्हणाली, "तिचा हात सुटत न्हाई बाई. बाकीच्या सोडत्यात."

तुमची लेक गुणी आहे, पण वर्गात तिचं वजन किती आहे? शेरडंवाली कोण आहे, ते बघा. प्रत्येक वर्गात एक असते.

---

मधली_सुट्टी:

बाईंनी जे मैदानावर पाहिलं ते फिनलंडमध्ये लोकांनी कागदावर मांडलंय. मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते म्हणून माहीत. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की अशा छळात फक्त दोन जण नसतात. छळणारा असतो, त्याला हात देणारे असतात, नुसते खिदळून रंगत आणणारे असतात, 'माझा काय संबंध' म्हणत बाजूला होणारे असतात आणि बाजू घेणारे असतात. जवळजवळ सगळ्या वर्गाला त्यात काही ना काही काम लागलेलं असतं. यावरूनच पुढे 'किवा' नावाचा कार्यक्रम झाला आणि २००९ पासून तो फिनलंडभर पसरला. 'किवा' म्हणजे फिनिशमध्ये 'छान'.

त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. छळाचं प्रकरण समोर आलं की शिक्षक वर्गातल्या दोन ते चार मुलांना वेगळं बोलावतात. ती मुलं स्वभावाने चांगली आणि वर्गात वट असलेली, अशीच निवडतात. त्यांना सांगतात, याला सोबत द्या, कशी ते तुम्हीच ठरवा. दोन ते चार, हे लक्षात घ्या. एकीवर ते कधीच सोपवत नाहीत. तुमच्या मुलीच्या पोटदुखीचं कारण मला तरी इथेच दिसतंय.

---

मीठबंदर:

मूळचा डोंबिवलीकर, गेली अकरा वर्षं कॅनडात, हॅलिफॅक्सला. हा विषय निघाला की इथे गुलाबी शर्टाची गोष्ट निघणारच, कारण ती आमच्याच नोव्हा स्कोशियातली आहे. केंब्रिज नावाचं गाव, सफरचंदांच्या बागांचा पट्टा, आमच्यापासून गाडीने तास-सव्वा तास. २००७. सेंट्रल किंग्ज रूरल हायस्कूल. नववीतला एक मुलगा शाळेच्या पहिल्या दिवशी गुलाबी पोलो शर्ट घालून आला आणि काही पोरांनी त्यावरून त्याला शिव्या आणि धमक्या दिल्या. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस या दोघांच्या ते कानावर आलं. त्यांनी स्वस्तातल्या दुकानातून पन्नास गुलाबी शर्ट आणले, रात्री मित्रमंडळींना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात ते वाटले. शेकडो पोरं गुलाबी घालून आली, काही तर घरूनच.

आता आमच्या प्रांतात सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी हा दिवस पाळतात, तिकडे ब्रिटिश कोलंबियात फेब्रुवारीत. आणि खरं सांगू? माझ्या मुलाच्या शाळेत तो दिवस म्हणजे आदल्या रात्री आईवडिलांनी 'गुलाबी काय आहे घरात' म्हणून कपाटं उपसायचा दिवस झालाय. एका वर्षी मी त्याला बायकोचा स्कार्फ बांधून पाठवला. गुलाबी घातलेली पोरंच त्या दिवशी दुसऱ्या एका पोराला बसमध्ये जागा देत नव्हती, हे त्यानेच घरी येऊन सांगितलं.

मूळ गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं. ते दोघे बारावीतले होते, नववीवाल्यांना त्यांच्याशी वाकडं घेणं परवडणारं नव्हतं. आणि त्या मुलाला 'आमच्यासारखा हो' असं कुणी म्हटलं नाही, उलट बाकीचे त्याच्यासारखे होऊन आले. सातवीतल्या मुलीकडून याची अपेक्षा करू नका, पण शाळेत दहावीवाले असतीलच की.

---

अडखळ:

मी फार कमी लिहितो. पण हे वाचून राहवलं नाही.

मी लहानपणी तोतरा होतो, अजूनही थोडा आहे. चंद्रपूरला शाळेत होतो. मला 'रेडिओ' म्हणायचे, खरखर करणारा. ते सोसलं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या सरांनी वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला माझ्याशेजारी बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, याला सांभाळून घे. तो बिचारा इमानदारीने सांभाळायचा. मी 'क-क-' म्हटलं की 'कंपास?' म्हणून हातात द्यायचा. मला कागद हवा असायचा. वर्षभर मी त्याच्या चांगुलपणाचा प्रकल्प होतो. त्याची शाळेत तारीफ झाली, पण मला मात्र त्याच्याशी कधी भांडताही आलं नाही.

आठवीत एक दुसरा मुलगा भेटला. त्याने दोनच गोष्टी केल्या. मी अडलो की तो थांबायचा. बाकी सगळे माझं वाक्य पूर्ण करायचे, तो करायचा नाही. बस निघून जाईल इतका वेळ लागला तरी उभा राहायचा. आणि माझ्याकडे सारखं काहीतरी मागायचा. सायकल दे, वही दे, तुझ्या आईला सांग मला पण मुंगवडे ठेव. माझ्याकडे कुणी मागावं असं काही आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

म्हणून तुमच्या लेकीने ठेचा मागितला, ते मला या सगळ्यात जास्त आवडलं. फक्त एक विचारतो. त्या मुलाला हे सगळं कसं वाटतंय, हे त्याला कुणी विचारलंय का?

---

फोडणीची_पोळी:

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा आता काय घडलं ते सांगते. सगळ्यांची उत्तरं मी रात्री दोन-दोनदा वाचली. लेकीलाही थोडी वाचून दाखवली, पोटदुखीचं तेवढं गाळलं.

आधी मी तिला एवढंच म्हटलं, की उद्यापासून तिथे नाही बसलीस तरी चालेल, मला काही वाटणार नाही. ती खूप रडली. मग वाडगाभर दहीभात खाल्ला, वर परत मागितला. म्हणजे माझी शंका खरी होती, माझी शाब्बासकीच तिच्या मानगुटीवर बसली होती. पुढचे दोन दिवस ती आपल्या जुन्या बेंचवर बसली. तिसऱ्या दिवशी तो मुलगा आला, तिच्या डब्याच्या झाकणात ठेचा ठेवला आणि काही न बोलता परत गेला.

मग तिने त्याला विचारलं, अडखळदादा म्हणाले तसं. तो म्हणाला, "तू माझ्याकडं बसतीस ते बरंय, पन वाचताना माघारी वळून बघत जाऊ नको. तू बघितलं की ते जास्तीच करत्यात." अडीच महिने मी ज्या बघण्यावर खूश होते त्याची ही किंमत! नवऱ्याने मला ते तीनदा ऐकवलं.

शेरडंवालीच्या शोधात फार लांब जावं लागलं नाही. खो-खोच्या संघाची कॅप्टन, व्हॅनमध्ये लेकीच्या मागच्या सीटवर. लेकीने तिला 'प्लीज त्याच्याशी चांगलं वाग' वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाली, त्याचा ठेचा पाणी न पिता खाऊन दाखव. कॅप्टनबाई दुसऱ्याच दिवशी हजर. पहिल्या घासाला हरली, म्हणून परत आली. मग तिची पूर्ण टोळी आली. आता म्हणे बोटांवर सेकंद मोजतात. बेंचवर जागा नसते आणि माझी लेक कधीकधी उभ्याने खाते, त्याचं तिला काही नाही. मला थोडं आहे.

यात मला वेगळीच काळजी लागली. ती माउली तिकडे पत्र्याच्या खोलीत आता अख्ख्या वर्गासाठी मिरच्या कुटत असणार. म्हणून मी अर्धा किलो शेंगदाणे लेकीबरोबर धाडले, 'ठेच्यात घालायला' असं सांगून. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीतून निम्म्या दाण्यांचा ठेचा परत आला. नवऱ्याने तो पाणी न पिता खायचा प्रयत्न केला. असो.

तिरकस_उत्तर, तुमचंही ऐकलं. मुख्याध्यापकांना लेखी दिलं, पण फक्त डब्याचं, आणि मुलांची नावं न घालता. पोचपावती मागितली तेव्हा क्लार्कने चष्म्यावरून बघितलं. आता सगळ्यांचे डबे बाईंच्या टेबलाजवळच्या फळीवर असतात. पेटी अजून शिपाईकाकांच्या डोक्यावरच आहे, तिचं पालकसभेत काढणार आहे.

सगळं गोड झालं असं नाही. भोंडल्याच्या दोघी अजून बोलत नाहीत. 'पानी' हे नावही गेलेलं नाही. कॅप्टनसुद्धा त्याला 'ए पानी' अशीच हाक मारते आणि तो 'ओ' देतो. ते चिडवणं आहे की नाव, मला इथे बसून कळत नाही आणि लेकीला विचारलं तर खांदे उडवते.

त्याने लेकीला 'ण' शिकवायला सांगितलंय. ही जीभ वर वळवून दाखवते, तो करतो. 'बाण' येतो म्हणे, 'पाणी' अजून येत नाही. मी म्हटलं, कशाला गं, राहू दे की त्याचं आहे तसं. तर म्हणाली, "आई, त्याला हवंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काल रात्री विचारत होती, आपल्याकडे जुना स्टीलचा डबा आहे का, दोन कप्प्यांचा. माळ्यावर आहे. काढून घासून ठेवलाय ओट्यावर. पण तो द्यायचा कसा, यावर आमच्या दोघींचं काल अकरा वाजेपर्यंत एकमत झालं नाही. ती म्हणते, त्याच्याकडून काहीतरी बदल्यात मागते. काय मागायचं, ते सुचवा कुणीतरी.